गार्डसाहेबांची जादाची पॉलिसी

"तुमचा क्लेम नामंजूर झालाय, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

काका म्हणजे माझे यजमान, आणि क्लेम म्हणजे मी. काउंटरपासून जवळच स्ट्रेचरवर आडवी होते. छातीवर कुणी जातं आणून ठेवल्यासारखं झालं होतं, अंगातून घाम निथळत होता, पण कान शाबूत होते. सगळं बंद पडत आलं तरी माणसाचे कान चालूच राहतात. ही देवाने केलेली सोय आहे की थट्टा, ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर सांगून गेले होते की हृदयाची एक नळी बंद झाली आहे. लगेच आत घेऊन ती उघडली तर बाई वाचतील, उशीर झाला तर सांगता येत नाही. आणि उशीर होत होता, कारण आमच्याकडे पॉलिसी होती. पॉलिसी नसती तर एव्हाना काहीतरी ठरलं असतं. पॉलिसी होती म्हणून आम्ही कंपनीच्या उत्तराची वाट बघत होतो, आणि आता ते उत्तर आलं होतं.

"नामंजूर म्हंजे?" यजमानांनी विचारलं.

"कंपनी पैसे देणार नाही म्हणते. काकूंना आधीपासून बीपी आणि शुगर आहे ना? पॉलिसी काढताना तुम्ही ते लपवलंत, असं त्यांचं म्हणणं आहे."

"मी? मी लपवलं?" त्यांचा आवाज चढला. "पोरी, मी रेल्वेत गार्ड होतो!"

मुलीला या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही. लागायचं काही कारणही नव्हतं. तो लागायला त्या माणसाबरोबर उभा जन्म काढावा लागतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. माझ्याकडे तर मुळीच नव्हता.

त्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. आख्खी कॉलनी त्यांना गार्डसाहेब म्हणायची, म्हणून मीही म्हणते. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात लाल-हिरवी झेंडी घेऊन उभा असतो तो गार्ड. ड्रायव्हर पुढे बघतो आणि गार्ड मागे बघतो. कुर्डुवाडी जंक्शनवर राहून यांनी नोकरीभर मागेच बघितलं. असा माणूस घरात असला की दाराला कुलूप लावून निघाल्यावर दोनदा परत यायचं, एकदा कुलूप ओढून बघायला आणि एकदा ते ओढून बघितलं होतं की नाही ते बघायला. कितीतरी लग्नांत आम्ही अक्षता संपल्यावर पोचलो आहोत.

"आधी खात्री, मग झेंडी," हे त्यांचं बोलणं. वांगी घ्यायची तरी हेच. भाजीवालीला ते विचारायचे, "ही वांगी कुठली? तोडली कवा? पानी विहिरीचं की कालव्याचं?" ती बिचारी म्हणायची, "साहेब, वांगी घ्यायची हायेत का पोरगी द्यायचीय?" पोरगी द्यायची वेळ आली तेव्हाही तेच केलं. जावयाच्या घरी बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, ते विचारून आले. जावई काय करतो, ते मला पाहुण्यांकडून कळलं. मुलगी आता पुण्याला असते. तिच्या नळाला पाणी भरपूर आहे.

रिटायर झाल्यावर आम्ही सोलापूरला, जुळे सोलापूर भागात घर घेतलं. औषधपाण्याची आम्हाला चिंता नव्हती. रेल्वेचं कार्ड होतं. रेल्वेच्या दवाखान्यात मी महिन्याच्या महिन्याला जायचे, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या घेऊन यायचे, डॉक्टर "आजी, चाला जरा" म्हणायचे, मी "बरं" म्हणायचे आणि रिक्षाने घरी यायचे. सगळं व्यवस्थित चाललं होतं. पण व्यवस्थित चाललेलं बघून समाधान वाटेल असा माणूस माझ्या नशिबात नव्हता.

"कार्डावर भायेरच्या दवाखान्यात जायचं तर आधी आपल्या डॉक्टरची चिठ्ठी लागती," ते एक दिवस म्हणाले. "आन एकाएकी काय झालं तर? चिठ्ठी आणायला आजार थांबतोय व्हय? म्हणून वर एक जादाची पॉलिसी पायजे."

तिथून जी जादाची सुरू झाली ती काही वर्षं चालली. पॉलिसी नव्हे, नुसता शोध. लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, अक्कलकोटला जातात. आमचे गार्डसाहेब इन्शुरन्सच्या मागे गेले. रोज जेवणं झाली की चष्मा लावायचे आणि कंपन्यांची चोपडी वाचत बसायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे मला पॉलिसी कळत नाही असं ते म्हणायचे. त्यांना कळते, असंही तेच म्हणायचे.

"ऐक," मला समोर बसवून सांगायचे. "खर्च समज दोन मजल्याचा हाय. खालच्या मजल्याचं रेल्वे बघंल. वरच्या मजल्याचं ही कंपनी देती."

"आणि जिना कुणाचा?" मी विचारलं.

"कसला जिना?"

"खालनं वर जायचा. तिथं पाय घसरला तर कोण देतं?"

त्यांनी चोपडं उलटंपालटं केलं, बराच वेळ वाचलं, आणि ती पॉलिसी बाद केली. पुढची अशी होती की म्हाताऱ्या माणसाच्या खर्चातला काही हिस्सा म्हाताऱ्यानेच भरायचा. "म्हंजे म्हातारं झालं की आजार निम्माच होतो का?" असं म्हणून तीही बाद. तिसरीत आधीपासूनचे आजार काही वर्षं चालणार नव्हते, त्यानंतर चालणार होते. मी म्हटलं, "मग तोवर साखरेला सांगा, जरा दम धर म्हणून." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "शिग्नल पडेपर्यंत गाडी थांबतीच की." माझी साखर गाडी आहे, हे मला तेव्हा समजलं.

मग एका पॉलिसीत निघालं की खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. झालं. खोल्या कशा असतात ते बघितल्याशिवाय ठरवणार कसं? दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चांगलं लुगडं नेस, जाऊन येऊ." मला वाटलं, इतक्या वर्षांनी माणसाला काहीतरी सुचलं. रिक्षा थांबली ती एका दवाखान्यापुढे. त्या आठवड्यात त्यांनी मला गावातले दवाखाने दाखवले. लोक बायकोला सिनेमाला नेतात. आमचं आपलं हे. प्रत्येक ठिकाणी ते खोलीत शिरायचे, पलंगावर बसून गादी दाबून बघायचे, न्हाणीत जाऊन नळ सोडायचे. एका नर्सने विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"अजून न्हाय," गार्डसाहेब म्हणाले. "पुढं व्हनार हाय." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

ती नर्स माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, ती मी विसरलेले नाही. घरी येताना मी म्हटलं, "आता स्मशानातले कट्टे पण बघून घ्या. सावलीतला कुठला ते ठरवा." दोन दिवस बोलले नाहीत. ते दोन दिवस फार शांततेत गेले.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर पेन्शनर बसायचे. तिथे गार्डसाहेब मोठे वकील. एक पोस्टमास्तर होते, ते तर यांच्याशिवाय डासांची अगरबत्तीही घेत नसत. "पोस्टमास्तर, एक ध्यानात ठिवा," हे त्यांना बजावायचे, "आजार लपवायचा न्हाय. बीपी हाय तर बीपी सांगा, मूळव्याध हाय तर मूळव्याध सांगा. लाज धरली की क्लेम गेला." पोस्टमास्तर इकडे तिकडे बघायचे आणि म्हणायचे, "हळू बोला की, गार्डसाहेब."

शेवटी एकदाची पॉलिसी ठरली, ती रेणुकामुळे. रेणुका एजंट होती. गावाच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी, नवरा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात. स्कूटीवरून यायची, दारातूनच "काकू, च्या टाका की" म्हणायची आणि मी ठेवायच्या आधी स्वतःच आधण ठेवायची. गार्डसाहेबांच्या प्रश्नांना आजवरचे सगळे एजंट पळून गेले होते. ही टिकली. "विचारा की काका, आजून काय विचारायचं ऱ्हायलंय ते पन विचारा, मी आज सुट्टीवरच हाय," असं म्हणून ती शेंगा सोलत बसायची. त्यांच्याकडचे प्रश्न संपले, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तिने आम्हा दोघांची मिळून एक पॉलिसी मोबाइलवरच भरली आणि म्हणाली, "काका, आता कंपनीचा फोन येनार. आजाराचं सगळं फोनवर विचारतेत. जे हाय ते खरं सांगायचं. एवढंच काम ऱ्हायलं बघा."

"रेणुका," ते म्हणाले, "खोटं बोलायची माझी नोकरीच नव्हती."

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात शेंगाची चटणी कुटत होते. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असायचा, त्यामुळे शेजारणीलाही ऐकू गेलं असेल. पलीकडून मुलगी म्हणाली, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय." गार्डसाहेबांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि ताठ बसले.

"सर, तुम्हाला काही आजार आहे का?"

"हाय की. लिवून घ्या. बीपी हाय, सकाळी एक गोळी. मूळव्याध झाली हुती, काढली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, उजव्याचा पिकतोय. हर्निया हाय, पट्टा लावतो. गुडघा पावसाळ्यात धरतो. ल्हानपनी देवी आल्या हुत्या."

"सर, लहानपणीचं नको."

"लिवून तर घ्या. मागनं म्हणाल लपवलं."

मुलीने देवीसुद्धा लिहून घेतल्या असाव्यात. माणूस खुलला होता. इतक्या वर्षांची तयारी होती, कुठेही अडखळला नाही. मग ती म्हणाली, "ओके सर. आणि मॅडमची तब्येत कशी आहे?"

"मंडळी व्हय?" गार्डसाहेब मोकळेपणी हसले. "मंडळी स्वामींच्या कृपेनं एकदम ठणठणीत! तुमच्या घरची समदी बरी हायेत न्हवं?"

"हो सर," ती मुलगी जरा गोंधळून म्हणाली. "थँक यू, सर."

तर हे असं झालं. आमच्याकडे कुणी घरच्यांची तब्येत विचारली की बरं आहे म्हणायचं असतं. अंगात ताप असला तरी बरं आहे, पाय प्लास्टरमध्ये असला तरी तसं बरंच आहे. विचारणाऱ्याला खरं उत्तर नको असतं, देणाऱ्याला द्यायचं नसतं, आणि दोघेही चहा पिऊन आपापल्या घरी जातात. त्यातून बायकोचं दुखणं तर कुणी बाहेर काढतच नाही. बायकोचं दुखणं परक्याला सांगणारा माणूस एक तर उसने पैसे मागायला आलेला असतो, नाही तर दुसऱ्या लग्नाच्या विचारात असतो. स्वतःचे आजार विचारले ते गार्डसाहेबांच्या लेखी कंपनीचं काम होतं. मंडळींची तब्येत विचारली तो त्या पोरीचा चांगुलपणा होता. तिच्या चांगुलपणाला त्यांनी चांगुलपणाने उत्तर दिलं, वर तिच्या घरच्यांची चौकशीही केली. आतून मला तर बरंच वाटलं. म्हटलं, कुणाची कोण पोरगी, पण माझी आठवण काढली.

पॉलिसी आली. ती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवली. दसऱ्याला तिच्यावर हळदीकुंकू वाहायला मला सांगितलं. मी वाहिलं. म्हटलं, घरात नवीन मशीन आलं की वाहतोच.

पुढे दोनेक वर्षांनी, मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात घेतली आणि मला दरदरून घाम फुटला. खाली बसले ती उठताच येईना. गार्डसाहेबांनी आणि भाजीवालीने मिळून मला रिक्षात घातलं. रिक्षावाल्याने जवळचा म्हणून एका मोठ्या खासगी दवाखान्याकडे रिक्षा वळवली. माझा जीव चालला होता आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर काय दिसावं? समाधान. खोटं नाही सांगत. ज्या दिवसासाठी त्यांनी एवढी वर्षं घासली, तो दिवस उगवला होता. माझा हात धरून म्हणाले, "तू कायबी काळजी करू नगंस. जादाची हाय."

आणि आता त्या काउंटरवरची मुलगी त्यांना सांगत होती, "काका, कंपनीकडे रेकॉर्डिंग आहे. तुम्ही फोनवर सांगितलंय की काकू एकदम ठणठणीत आहेत."

"आता कुणी इच्यारलं तर आनि काय म्हणायचं?" गार्डसाहेब म्हणाले.

स्ट्रेचरवरून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या पाठीवरून मला कळलं की त्यांच्या ध्यानात आलं. खांदे खाली आले. देवी सांगितल्या, मूळव्याध सांगितली, गुडघा सांगितला, आणि बायकोची साखर राहिली.

एवढ्यात डॉक्टर आले. "काय ठरलं? इथं करायचं तर पैसे भरावे लागतील. रेल्वेच्या दवाखान्यातून चिठ्ठी आणून दुसरीकडे हलवायचं म्हणत असाल तर तो निर्णय तुमचा. पण मी थांबायला सांगणार नाही."

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस विचारायला लागणार. नळी कुठली, कंपनी कुठली, तुम्ही शिकला कुठं, याआधी किती केली. मग नियम काढणार. चिठ्ठीचा नियम त्यांचाच, त्यांनीच मला शिकवलेला. चिठ्ठी नसताना पुढे जाणं म्हणजे सिग्नल नसताना गाडी सोडणं, आणि तसं त्यांनी आख्ख्या नोकरीत केलं नव्हतं. त्यांची खात्री होईपर्यंत मी राहीन, याची मला खात्री नव्हती.

ते डॉक्टरांना म्हणाले, "घ्या आत."

डॉक्टरांनासुद्धा एवढ्या लवकर उत्तराची अपेक्षा नसावी. "सगळं समजून घेतलंत ना? धोका किती आहे, खर्च किती—"

"घ्या की आत! उभं काय ऱ्हायलाय?"

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं. मलाच राहवेना. मी पडल्या पडल्या म्हटलं, "अवो, इच्यारा तरी काहीतरी."

"गप पड," गार्डसाहेब म्हणाले.

माझ्या संसारातलं हे सगळ्यात गोड बोलणं. दुसरं आठवत नाही.

आतलं काही मी सांगत बसत नाही. मनगटातून नळी घातली, आत स्प्रिंग बसवली, समोर टीव्हीसारखा पडदा होता आणि त्यावर माझं हृदय दिसत होतं. दिसायला काही खास नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोलीत आणलं तेव्हा गार्डसाहेब खुर्चीत बसलेले होते. दाढी वाढलेली, सदरा कालचाच. मी डोळे उघडले तशी त्यांनी पहिली बातमी दिली, "न्हाणीतल्या नळाला पानी येतंय. मी बघितलं." मुलगी पुण्याहून आली होती. ती दुसरीकडे तोंड करून हसली की रडली, ते मला दिसलं नाही.

कुर्डुवाडीला आमचा एक प्लॉट होता. त्यावर बंगला होणार, असं मी लग्नापासून ऐकत होते. बंगला काही झाला नाही, बाभळी मात्र झाल्या. तो प्लॉट गेला. रेल्वेने पुढे तातडीचं म्हणून काही भाग भरून दिला, तो रीतसर अर्ज केल्यावर वेळेत मिळाला. बाकीचं बाभळींनी दिलं. विकताना गार्डसाहेबांनी गिऱ्हाइकाला एकही प्रश्न विचारला नाही. गिऱ्हाइकालाच संशय आला की जागेत काहीतरी खोट आहे.

रेणुका रडतच आली. घरात शिरली आणि आधण ठेवायचं सोडून माझ्या पायाशीच बसली. "काका, तुमी लिवून द्या की, चुकून बोललो म्हणून. मी भांडते कंपनीशी. वरपर्यंत जाते."

"चुकून न्हाय बोललो," गार्डसाहेब म्हणाले.

"मग काय मुद्दाम बोललाव?"

"मुद्दामबी न्हाय. त्या पोरीनं इच्यारलं, बाई कशी हाय. मी म्हनलं, बरी हाय. बायकोला बरी हाय म्हणनं ही चूक असंल तर त्येंनी तसं नियमात लिवावं. मी सही करतो."

रेणुकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नकोस बाई. मी कशीबशी वाचलेय, ह्यांच्याशी बोलायची ताकद अजून आलेली न्हाय." त्यांनी काही लिहून दिलं नाही. माझं नाव पॉलिसीतून गेलं, त्यांचं राहिलं. देवीसकट सगळं सांगितलेलं असल्यामुळे त्यांची बाजू पक्की होती.

त्यानंतर मात्र एक नवीनच ताप सुरू झाला. "ठणठणीत" हा शब्द त्यांनी तोंडातून काढून टाकला. रस्त्यात कुणी सहज विचारलं, "काय गार्डसाहेब, वहिनी कशा आहेत?" की हे उभे राहायचे आणि सांगायचे, "बीपी हाय. साखर हाय. हृदयात एक स्प्रिंग हाय. दोन गोळ्या सकाळी, तीन रात्री, पायाला मुंग्या येत्यात." दूधवाल्याला सांगितलं. मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितलं. अक्कलकोटला भाच्याचं लग्न ठरलं, तिथे नवरीकडची मंडळी कानडी बोलणारी. नवरीच्या आजीने मोडक्या मराठीत कौतुकाने विचारलं, "अक्का बरी हाय?" भर मांडवात यांनी माझ्या साखरेचा आकडा सांगितला, उपाशीपोटीचा वेगळा आणि जेवल्यानंतरचा वेगळा. ती म्हातारी "अय्यो पापा" म्हणून माझ्या गालावरून हात फिरवायला लागली. पंगतीत वाढपी मला जिलेबी न वाढताच पुढे गेला. परतताना बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "एवढी अब्रू घालवण्यापेक्षा मला मंडईतच सोडायचं होतं."

"रेकॉर्ड नीट असावं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर मागे बघत बसले.

कट्ट्यावरही त्यांनी हेच चालवलं. आधी नुसता उपदेश होता, आता पाठ घ्यायला लागले. "पोस्टमास्तर, मी कंपनीची पोरगी हाय असं समजा. तुमच्या मिसेसची तब्येत कशी हाय?" पोस्टमास्तर म्हणायचे, "बरी आहे." "बाद!" गार्डसाहेब ओरडायचे. "पुन्हा बोला." देवळात आलेल्या बायका दचकायच्या. पण त्या पोस्टमास्तरांच्या बायकोचं पुढे गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांना काहीही त्रास झाला नाही. त्यांनी फोनवर तिचा दमा, तिचं थायरॉइड, तिच्या आईचं थायरॉइड, सगळं ओळीने सांगितलेलं होतं. पेढे घेऊन आले आमच्याकडे. गार्डसाहेबांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "खव्याचा की पावडरचा?"

ते गेले त्या दिवशी सकाळी माझ्या गोळ्या त्यांनीच काढून ठेवल्या होत्या. दुपारी भाकरी आणि पेंडपाल्याचं कालवण खाल्लं, मीठ जास्त झालंय म्हणाले, आणि कॉटवर पडले. मी भांडी आवरली, जरा पाठ टेकली. चहाच्या वेळेला उठवायला गेले तर उठले नाहीत. डॉक्टर आले ते फक्त बघून गेले. म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. गावातल्या सगळ्या दवाखान्यांच्या गाद्या दाबून आलेला माणूस घरच्या कापसाच्या गादीवर गेला. तीही गादी मी म्हणत होते म्हणून त्या वर्षी पिंजून घेतलेली होती, नाही तर त्यांचा विचार चालला होता.

दहाव्याला कट्टा सगळा आला. पोस्टमास्तर डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, फार काळजी करणारा माणूस." मी म्हटलं, "व्हय, आणि ज्याच्यासाठी केली ते सोडून दुसरंच झालं." रेणुकाने मागच्या बाजूला बसून सगळ्या पाहुण्यांचा चहा केला. जाताना तिने हळूच विचारलं की काकांच्या नावाची जादाची पॉलिसी एकदाही वापरली नाही का. एकदाही नाही. हप्ता मात्र तारखेच्या आधी भरलेला होता.

सगळी तयारी त्यांनी केली. प्रश्न त्यांनी विचारले, चोपडी त्यांनी वाचली, स्वतःचे आजार मोजून त्यांनी सांगितले, आणि पॉलिसी आल्यावर स्वतःसाठी दवाखान्याची पायरी त्यांना चढावी लागली नाही. माझं रेकॉर्ड चुकीचं होतं, चिठ्ठी नव्हती, कंपनीने नाही म्हटलं होतं. तरी त्या दिवशी मला आत नेलं, नळी उघडली, आणि मी वाचले.